ज्याचा प्रश्न, त्याला मत नाही

सेक्रेटरींचा उजवा पाय मांडीतून कापावा, असा ठराव हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये तीन विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला, तेव्हा खुद्द सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावर खाटेच्या कडेला बसून तोच पाय खाली सोडून होते. पाय आडवा केला की आगीत धरल्यासारखा व्हायचा, खाली सोडला की घटकाभर बरं वाटायचं. कँटीनमध्ये काय चाललंय याची त्यांना पुरती कल्पना होती. पण त्यांना मत नव्हतं. नियमच तसा होता, आणि नियम त्यांनीच केलेला होता.

त्यांच्या थोरल्या सुनेलाही मत नव्हतं. ती निमंत्रित सदस्य. म्हणजे बसायचं, ऐकायचं, विचारलं तर बोलायचं, आणि कोणी विचारायचं नाही. पोस्टाच्या खिडकीमागे तीस वर्षं काढून ती गेल्या वर्षीच निवृत्त झाली होती. फॉर्म न भरता रांगेत येऊन उभी राहणारी आणि वर आपल्यालाच दरडावणारी माणसं तिने हजारोंनी पाहिली होती. कँटीनच्या त्या डगमगत्या टेबलाभोवती बसलेली तीन माणसं तिला त्याच जातीची वाटत होती. त्यातला एक तिचा नवरा होता, ही गोष्ट वेगळी.

या घराची रीत आधी सांगायला हवी, नाहीतर कोणाचा विश्वास बसायचा नाही. सेक्रेटरी काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात कामाला होते आणि बावीस वर्षं तिथल्या कामगार संघटनेचे सेक्रेटरी होते. त्यांच्या आधीच्या सेक्रेटरीने स्वतःच्याच मताच्या जोरावर स्वतःच्या मेव्हण्याला नोकरीला चिकटवलं होतं. त्याचा यांना असा काही तिटकारा आला, की खुर्चीवर बसल्याबरोबर यांनी पहिला नियम केला: ज्याचा प्रश्न, त्याला मत नाही. कारखान्यात तो नियम शोभला असेल. पण हे गृहस्थ तो घरी घेऊन आले. महिन्याच्या पहिल्या रविवारी सभा. स्वयंपाकघराच्या दारावर विषयपत्रिका. सूचक, अनुमोदक, मतदान, इतिवृत्त. मुलीला मुलाइतकंच मत, म्हणून बाहेर यांची पुरोगामी म्हणून वाहवा. आत काय चालायचं ते घरच्यांनाच ठाऊक. मुलीचं लग्न तीन विरुद्ध शून्य असं ठरलं आणि मुलगी तटस्थ राहिली, कारण प्रश्न तिचा होता. धाकट्याला चित्रकला शिकायची होती, सभेने त्याला हिशेबनीस केलं. आणि थोरलीला सून म्हणून पसंत करण्यात आलं तेव्हा तिच्या नवऱ्याला हात वर करण्याची मुभा नव्हती. लग्नानंतर महिन्याभराने हे कळलं तेव्हा ती पोट धरून हसली होती. पुढे पुढे हसू यायचं बंद झालं.

तर त्या सकाळी सर्जनने सगळ्यांना एका लहानशा खोलीत बोलावलं होतं. खोलीत खुर्च्या तीन आणि माणसं सहा. सर्जन उभ्याउभ्याच बोलला. माणूस कमी बोलणारा होता आणि खरं बोलणारा होता, आणि हे दोन्ही गुण या कुटुंबाच्या पचनी पडणारे नव्हते.

"गुडघ्याखाली रक्त पोचतच नाहीये," तो म्हणाला. "मी आतून तार घालून पाहिली, पुढे जात नाही. बायपास करायचा तर जोडायला धड शीर नाही. बोटं काळी पडलीत, ती काही परत यायची नाहीत. उरतं ते मांडीतून पाय काढणं. ते मी करू शकतो. प्रश्न तो नाही. वय चौऱ्याऐंशी, वजन एक्केचाळीस किलो, हृदय कसंबसं चालतंय, किडन्यांचं त्याहून कसंबसं. टेबलावरून मी त्यांना खाली उतरवीन. पण घरी पाठवीन का? मला नाही वाटत. अतिदक्षता विभागात, मशीनवर, दिवस जातील. त्यातून निघालेच तर अंथरुणात राहतील, आणि तुम्हाला ओळखतील याची खात्री नाही."

"आणि नाही केलं तर?" नणंदेने विचारलं.

"तर काही आठवडे. फार नाही. पण ते आठवडे दुखण्यात जायला नकोत. ते काम या बघतात."

त्याने कोपऱ्यातल्या बाईंकडे बोट केलं. बुटक्या अंगाच्या, पायात सपाट चपला, हातात वही. वॉर्डातल्या सिस्टर त्यांना दुखण्याच्या डॉक्टर म्हणायच्या. त्यांच्या विभागाच्या दारावर पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बऱ्या न होणाऱ्यांची काळजी, अशी पाटी होती आणि ती वाचून लोक दारावरूनच परत फिरायचे.

"म्हणजे काहीच करायचं नाही?" थोरलीच्या नवऱ्याने विचारलं.

"पुष्कळ करायचं," दुखण्याच्या डॉक्टर म्हणाल्या. "दुखणं आवरायचं, झोप लागेल असं बघायचं, जखमेला वास येऊ द्यायचा नाही, त्यांना हवं तिथे ठेवायचं. कापायचं तेवढं नाही."

एवढं स्वच्छ सांगूनही कँटीनमध्ये पोचेपर्यंत त्याचं पार भजं झालं होतं. एका जिन्यात माणसं किती विसरू शकतात याचं थोरलीला नेहमीच नवल वाटे.

"शक्य ते सगळं केलं पाहिजे," नवऱ्याने अध्यक्षस्थानावरून सुरुवात केली. हे वाक्य त्याच्या तोंडून तेव्हाच निघायचं, जेव्हा स्वतःला काहीच करायचं नसे. गेले चार महिने बापाच्या पायाचं ड्रेसिंग थोरली करत होती आणि पट्टी सुटू लागली की नेमका त्याला फोन यायचा. फोन नसला तर तो खिशातून काढून बघायचा, की आला कसा नाही.

धाकटा दीर आदल्या दिवशी दूरच्या शहरातून आला होता आणि येताना मोबाईलमध्ये ज्ञान भरून घेऊन आला होता. "ब्याण्णव वर्षांचा एक माणूस आहे," तो म्हणाला, "नकली पाय लावून टेकडी चढला. व्हिडिओ आहे."

सेक्रेटरींना दोन्ही पाय धड होते तेव्हा ते कधी टेकडी चढल्याचं थोरलीच्या ऐकिवात नव्हतं. पण निमंत्रितांनी मध्ये बोलायचं नसतं.

"लोक विचारतील," नणंद म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "विचारतील, तुम्ही काय केलंत? काय सांगायचं? बसून राहिलो? औषध देऊन झोपवून ठेवलं?"

नणंदेचं रडणं खरं होतं. बापावर तिचा जीव होता. पण त्या जीवाला लोकांच्या साक्षीशिवाय करमत नसे.

"बाबांना विचारलंत का कोणी?" थोरलीने विचारलं.

तिघांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तिने टेबलावर चढून गाणं म्हटलं होतं.

"त्यांचा हितसंबंध आहे," नवरा म्हणाला.

"पाय आहे त्यांचा!"

"तेच म्हणतोय मी."

नवऱ्याने सुचवलं, धाकट्याने अनुमोदन दिलं, नणंदेने डोळे पुसून हात वर केला आणि मग त्याच हाताने इतिवृत्त लिहिलं. थोरलीने चहाचे चार पेले उचलून खिडकीवर नेऊन ठेवले. तिच्या रागाला जायला दुसरी वाट नव्हती.

वरती तिघांनी खाटेभोवती उभं राहून निकाल कळवला. सेक्रेटरींनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग विचारलं, "सूचक कोण?"

"मी," थोरला म्हणाला.

"अनुमोदन?"

"माझं," धाकटा म्हणाला.

"ठीक आहे. नियमाला धरून आहे." म्हाताऱ्याने मान हलवली. त्याचा डावा हात खाटेच्या लोखंडी कठड्यावर होता आणि बोटं पांढरी पडेपर्यंत त्याने तो आवळून धरला होता. तिघांपैकी कोणाचंही त्या हाताकडे लक्ष नव्हतं. ते कर्तव्य करून मोकळे झाले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर तसं समाधानही होतं.

संमतीचा फॉर्म घेऊन दुखण्याच्या डॉक्टरच आल्या. त्या म्हणाल्या, पेशंट शुद्धीवर आहे, डोकं ठिकाणावर आहे, तर सही त्यांचीच लागणार, आणि सही करण्याआधी मी त्यांच्याशी बोलणार.

"आजोबा, तुम्हाला काय हवंय?"

"सभेने ठरवलं आहे."

"कसली सभा?"

त्यांना समजावून सांगण्यात आलं. थोरल्याने सांगितलं, धाकट्याने दुरुस्ती केली, नणंदेने इतिवृत्त दाखवलं. डॉक्टर बाईंनी ते वाचलं. सगळं वाचलं, तारखेपासून सह्यांपर्यंत, आणि वही मिटून परत दिली. "तुम्ही सगळे जरा बाहेर जा," त्या म्हणाल्या.

थोरली गेली नाही. पायाची पट्टी अर्धी सुटलेली होती आणि तिच्या हातात तबक होतं. उघडी जखम टाकून जायला तिला कोणाचा ठराव पुरला नसता.

"आता सांगा आजोबा. इथे कोणी नाही."

"मी सभेला बांधील आहे."

बाईंनी आणखी दोनदा विचारलं आणि दोनदा त्यांना तेच उत्तर मिळालं. मग त्या उठल्या. "सर्जनने उद्या सकाळी नऊची वेळ धरलीय. मी चार वाजता परत येते," त्या म्हणाल्या आणि दारापाशी थांबून थोरलीला हळूच विचारलं, "यांनी कधी 'मला हवं' असं म्हटलंय का हो?"

"चहासुद्धा 'चहाची वेळ झाली' असं म्हणून मागतात," थोरली म्हणाली.

दार लागलं. खोलीत दोघंच उरली. दुपारचं ऊन खिडकीतून आत येऊन फरशीवर पडलं होतं. थोरलीने कोमट मिठाच्या पाण्यात कापूस बुडवला आणि चिकटलेली पट्टी सुटी करू लागली. हे तिला नर्सहून बरं जमायचं. चार महिन्यांत तिला त्या पायाची खडान्‌खडा माहिती झाली होती. आधी अंगठा जांभळा झाला, मग काळा, मग शेजारची दोन बोटं. टाच अजून शाबूत होती, पण थंडगार. पोटरीची कातडी चकचकीत आणि ताणलेली, त्यावरचे केस गेलेले. रात्र रात्र हा माणूस खुर्चीत पाय खाली सोडून बसून काढायचा आणि सकाळी विचारलं, झोप लागली का, तर म्हणायचा, तक्रार नाही.

तिचा या माणसावर राग होता, आणि तिचा या माणसावर जीवही होता. पहिलं मूल झालं तेव्हा तिने पोस्टातली नोकरी सोडावी असा ठराव आला होता. दोन विरुद्ध दोन झाले आणि यांनी अध्यक्ष म्हणून जादा मत तिच्या बाजूने टाकलं. नुसतं मत टाकून थांबले नाहीत. नंतर सहा वर्षं ते मूल रोज शाळेत पोचवलं, आणलं, त्याचं नाक पुसलं, आणि एकदाही ते कोणाला बोलून दाखवलं नाही. तिच्या स्वतःच्या बापाने तिच्यासाठी एवढं केलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "पाय कापून हवाय का तुम्हाला?"

"सभेने..."

"सभा गेली खड्ड्यात."

सेक्रेटरींनी तिच्याकडे पाहिलं. या घरात अठ्ठावीस वर्षांत हे वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं.

"असं बोलू नये," ते म्हणाले. "मीच नियम केला. आता माझ्यावर आली म्हणून मोडू? बाकीच्यांनी पाळला तो. तुझ्या नणंदेने पाळला. तिच्या लग्नात."

"हो, आणि सुखी झाली ना अगदी! बघतोय की आपण." थोरलीने कापूस तबकात आपटला. "तिने पाळला, कारण तिला तुमचा धाक होता. तुम्हाला कोणाचा धाक आहे? आईंच्या वेळी कोणाचा होता?"

आता थांबावं, असं तिला एक क्षण वाटलं. पण चार महिन्यांचं आणि त्याआधीच्या पाच वर्षांचं सगळं एकदम ओठांवर आलं होतं.

"अकरा दिवस," ती म्हणाली. "अकरा दिवस मशीनवर होत्या. घशात नळी. ती ओढू नये म्हणून दोन्ही हात खाटेला बांधलेले, पट्टीने. मी भेटायला आत गेले तर माझ्याकडे बघून मान हलवायच्या, नाही, नाही, नाही, अशी. मी बाहेर येऊन तुम्हाला सांगितलं. आठवतंय? बाकावर बसला होतात. मी म्हटलं, बाबा, त्यांना नकोय हे, तुम्ही सांगा डॉक्टरांना. तुम्ही काय म्हणालात? 'माझी बायको आहे, माझा हितसंबंध आहे, मला बोलता यायचं नाही.' आणि मुलांनी हात वर केले. निःपक्षपाती म्हणे! भित्रे होतात तुम्ही. मुलांचे हात पुढे केलेत आणि त्यांच्यामागे जाऊन बसलात."

बाहेर कॉरिडॉरमध्ये कोणाची तरी ट्रॉली खडखडत गेली. सेक्रेटरी आपल्या पायाकडे बघत होते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या दुखणाईत माणसाला आपण काय बोललो, हे आता थोरलीच्या ध्यानात येत होतं. पण शब्द मागे घ्यायचे नाहीत, हेही तिने ठरवलं.

"तिला विचारलं नाही मी," सेक्रेटरी म्हणाले.

"नाही."

"विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती."

"हो."

"म्हणून विचारलं नाही." त्यांचा आवाज फाटला. "मला ती हवी होती. मशीनवर का असेना. आणि असं म्हणायची लाज वाटत होती. मुलांनी हात वर केले तेव्हा मला बरं वाटलं गं."

थोरलीने पट्टी खाली ठेवली. तिला हे माहीत नव्हतं. पाच वर्षं ती समजत होती की हा माणूस नियमाच्या नादात बायकोला विसरला. तिच्या तिरस्काराचा अर्धा साठा त्या एका समजुतीवर उभा होता. त्या बाकावर तो माणूस नियम म्हणून बसला नव्हता, बायकोला सोडवत नव्हतं म्हणून बसला होता. माफ करण्यासारखं ते नव्हतंच. पण ते वेगळं होतं.

"मला त्या खोलीची भीती वाटते," ते म्हणाले. "हात बांधतात तिथे."

"मग?"

"मग पाय राहू दे. जसा आहे तसा."

"हे मला सांगून काय उपयोग? डॉक्टरांना सांगा."

"तू सांग ना."

"मी कशी सांगू? मी निमंत्रित."

म्हातारा चक्क हसला. दात नसलेलं, दुखण्याने वाकडं झालेलं हसू, पण हसू होतं.

चार वाजता सगळे जमले. डॉक्टर बाई खुर्ची ओढून खाटेशी बसल्या आणि त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. सेक्रेटरींनी घसा खाकरला. "असं वाटतं की..." ते थांबले. "सर्व बाजूंचा विचार करता..." पुन्हा थांबले. बाई काही मदत करायला तयार नव्हत्या. हजार कामगारांसमोर तासतासभर बोललेला माणूस एका शब्दाशी झटत होता, आणि तो शब्द 'मला' हा होता.

"मला पाय कापून नको आहे," ते शेवटी म्हणाले. "मला घरी जायचंय. दुखू नये एवढं बघा."

"बाबा, पण ठराव झालाय!" थोरला म्हणाला.

"मग रद्द करा."

"असा रद्द होत नाही तो. सात दिवसांची नोटीस लागते. तुम्हीच..."

थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं. पन्नाशी उलटलेला, डोक्याचे केस गेलेला, चांगल्या हुद्द्यावरचा हा माणूस मरणाऱ्या बापाकडे सात दिवसांची नोटीस मागत होता. तिला त्याची इतकी कीव आली, की तिरस्काराला क्षणभर जागाच उरली नाही. तो घाबरला होता. तिघंही घाबरली होती, आणि घाबरल्यावर काय करायचं हे त्यांना एकच शिकवलेलं होतं.

"हा पाय तुमच्या सभेच्या मालकीचा नाही हो," डॉक्टर बाई म्हणाल्या आणि फॉर्मवर आडवी रेघ मारली.

तिसऱ्या दिवशी त्यांना घरी आणलं. पुढच्या खोलीत खाट लावली. दर चार तासांनी मॉर्फिनचं औषध, मधेच कळ आली तर वेगळा डोस, पोट साफ राहायला वेगळं, जखमेच्या वासासाठी गोळ्यांची पूड. डॉक्टर बाई आठवड्यातून दोनदा येत, एरवी फोनवर असत. पहिल्याच आठवड्यात सेक्रेटरी आडवे होऊन झोपले. चार महिन्यांनी पहिल्यांदा पाठ टेकून सलग पाच तास. थोरली दोनदा जाऊन नाकाशी हात धरून आली.

मुलांचं म्हणाल तर त्यांनी फार झटपट माघार घेतली आणि त्याहून झटपट ती विजय म्हणून मिरवली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला थोरला सांगायचा, "आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं, बाबांना त्रास द्यायचा नाही." धाकट्याने तर मोबाईलमध्ये नवीन व्हिडिओ शोधला होता, शांतपणे जाण्याबद्दलचा, आणि तो त्याच उत्साहाने दाखवायचा. नणंद लोकांना सांगायची की निर्णय घेताना काळजावर दगड ठेवावा लागला. हा दगड कोणी, कधी आणि कुठे ठेवला ते थोरलीने विचारलं नाही. तिला पट्ट्या उकळायच्या होत्या.

आणि सेक्रेटरी! त्यांना एकदा 'मला' म्हणता येऊ लागलं आणि मग त्यांनी सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं. मला खिडकी उघडून हवी. मला बंद करून हवी. मला ही उशी नको, ती मऊवाली. मला चहात साखर जास्त. मला धाकट्याशी बोलायचं नाही, तो फार बोलतो. मला बातम्या नकोत. मला संघटनेचे लोक भेटायला नकोत, ते रडका चेहरा करून बसतात. बावीस वर्षांची मागणीपत्रं एकदम मालकाच्या अंगावर आल्यासारखं घर धावत होतं. नवऱ्याने एकदा वैतागून म्हटलंच, की बाबा पूर्वी असे नव्हते.

"पूर्वी होतेच कुठे?" थोरली म्हणाली.

सतराव्या दिवशी सकाळी ती ड्रेसिंगला बसली. मुलं अजून उठायची होती. काळेपणा आता पावलाच्या मध्यावर आला होता आणि म्हाताऱ्याचं खाणं दोन चमच्यांवर. तिने औषध दिलं, थोडा वेळ जाऊ दिला, मग पट्टी सोडायला घेतली. सवयीने विचारलं, "दुखतंय?"

"नाही," ते म्हणाले. "अजिबात नाही. म्हणून तर कळतंय."

"काय?"

"दुखत होतं तेव्हा दुसरं काही सुचत नव्हतं. आता दुखत नाही, तर..." ते खिडकीकडे बघत होते. बाहेर समोरच्या घरातली बाई गॅलरीत कपडे वाळत घालत होती, रोज घालते तशीच. "मला अजून जगायचं होतं गं."

थोरलीचे हात थांबले.

तिच्याकडे उत्तरं कधी कमी पडली नव्हती. रांगेतल्या माणसाला, नवऱ्याला, नणंदेला, सभेला. मनातल्या मनात का होईना, प्रत्येकाला तिने सडेतोड उत्तर दिलं होतं. आणि सगळ्यांत मोठं उत्तर हेच होतं, की या माणसाला काय हवंय ते एका तिलाच ओळखता आलं. पाय नको, खोली नको, मशीन नको. हे सगळं खरं होतं. पण त्याला मरणच हवंय असं ती समजून बसली होती. आणि ते तिने त्याला विचारलं नव्हतं.

"पाय कापायला हवा होता का बाबा?" तिने घाबरत विचारलं. "माझं ऐकून तुम्ही..."

"छे. कापायला नकोच होता. ते बरोबर झालं." त्यांना धाप लागली. ती थांबून राहिली. "तेही नको आणि हेही नको. दोन्ही नको आहे मला."

"मग मी काय करू?"

"काय करणार तू? काही करण्यासारखं नाहीये. मी फक्त सांगितलं."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. ती तशीच उठली आणि खाटेच्या कडेवर, त्यांच्या शेजारी, टेकली. काही समजुतीचं बोलावं असं तिच्या मनात आलं, आणि ते बोलायला तिचं तोंड उघडलंही.

"जरा पलीकडे सरक," सेक्रेटरी म्हणाले. "माझा पाय आहे तिथे."

ती सरकली.